झिजलेला रुपया आणि घासलेला रुपया

नाशिक,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मृण्मयीस,


तुझं पत्र आणि फोटो पोचले. आबांचा नाण्यांचा डबा तू मागून नेलास आणि नुसता कपाटात न ठेवता उघडून बसलीस, याचा मला फार आनंद झाला. पत्रात तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, तो विक्रेता १९१८ चा जो रुपया ‘युएनसी’, म्हणजे न वापरलेला, कोरा म्हणून देतोय, तो घ्यावा का. दुसरी गोष्ट तू जरा बिचकत लिहिलीस: मला विकायचं नाही, गुंतवणूक करायची नाही, छंद म्हणून चार नाणी जमवायची आहेत, मग ही ग्रेडची भानगड शिकायची कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचं तुझं तुलाच सापडेल. मृण्मयी, ग्रेड खरी लागते ती छंदासाठी जमवणाऱ्यालाच. व्यापाऱ्याला ती भाव ठरवण्यापुरती हवी असते. तुला ते नाणं वर्षानुवर्षं हातात घेऊन बघायचं आहे. नाण्याच्या अंगावर टांकसाळीत काय झालं, बाजारात काय झालं आणि घराघरांत काय झालं, हे वेगवेगळं ओळखता येणं म्हणजे ग्रेड करता येणं. आकडा हा त्या वाचनाचा शेवटचा शब्द. तो आला नाही तरी चालेल, वाचता मात्र आलं पाहिजे.

आबांच्या डब्यातही १९१८ चा रुपया आहे, तोच घे. रात्री जेवणं आटोपली की टेबलावर जाडसर मऊ कापड अंथर, खोलीतले बाकीचे दिवे घालव आणि एकच टेबललॅम्प ठेव. ट्यूबलाइटच्या उजेडात नाणं कधीही पारखू नकोस. तो उजेड सगळीकडून येतो आणि सगळं झाकतो. रुपया अंगठा आणि तर्जनी यांच्यात कडेला धर. छाप्यावर किंवा काट्यावर बोट टेकता कामा नये, कारण घामाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ. भिंग लगेच घेतलंस तर बारीकसारीक ओरखड्यांत हरवशील आणि नाण्याचा चेहराच दिसणार नाही.

आता झीज. बाजारात हिंडलेलं नाणं सगळीकडे सारखं झिजत नाही. सर्वांत वर उचललेला भाग आधी जातो. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटाच्या पट्ट्यावरचे मोती बघ, मग भुवई, मिशी, दाढीचे केस, मग खांद्यावरच्या झग्याची नक्षी. झग्यावर गळ्यातल्या साखळीत एक छोटासा हत्ती आहे. त्याची सोंड, पाय, अंगावरची झूल सुटी दिसत असेल तर रुपया फारसा हिंडलेला नाही. हत्तीचा नुसता उंचवटा उरला असेल तर त्याने बरेच खिसे पाहिले. उलट्या बाजूला कमळाच्या पाकळ्यांच्या कडा आणि वेलीची पानं बघ. मुंबईच्या टांकसाळीच्या रुपयावर त्याच बाजूला खालच्या कमळाजवळ बारीक टिंब असतं, कोलकात्याच्या रुपयावर ते नसतं. खूप झिजलेल्या रुपयावर हे टिंबही शोधावं लागतं.

त्या हत्तीची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या विषयाची आहे. पंचम जॉर्जचा पहिला रुपया १९११ चा. त्यावर हा हत्ती इतका आखूड सोंडेचा आणि आखूड पायांचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुस्लिम समाजात नाराजी पसरली, सरकारने तो रुपया मागे घेतला, बहुतेक साठा वितळवला आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा नवा हत्ती आणला. संग्राहक अजून त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. नखाएवढ्याही नसलेल्या त्या चित्रावरून एवढा गहजब झाला, याचा अर्थ नाणं इतक्या बारकाईने बघणारी माणसं त्या काळी बाजारातच होती. तुला तीच नजर कमवायची आहे.

झिजेनंतर झळाळी. तापवून मऊ केलेली चकती दोन डायच्या मध्ये दाबली जाते, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली हळूच कलतं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावर गरगरतात. हे एकदा पाहिलंस की पुन्हा विसरणार नाहीस. या सूक्ष्म रेषा फार नाजूक असतात. नाणं चार हातांतून गेलं की उंच भागांवरून त्या पुसल्या जातात, मग मोकळ्या सपाटीवरून, आणि शेवटी फक्त अक्षरांच्या आडोशाला थोड्या उरतात. म्हणून उत्तम दर्जाचं पण थोडं वापरलेलं नाणं ओळखायचं ते अक्षरांच्या सांदीतल्या उरल्यासुरल्या झळाळीवरून.

आता विक्रेत्याचा फोटो पुन्हा उघड. मुकुटाचे मोती एकमेकांत मिसळलेले आहेत. हत्तीला सोंड उरलेली नाही. आणि रुपया मात्र इथून तिथून चकचकतो आहे. ज्याचे मोती झिजले, त्याची टांकसाळीतली झळाळी शिल्लक राहूच शकत नाही. ती मोत्यांच्या कितीतरी आधी जाते. मग ही चमक आली कुठून? कुणीतरी तो पावडर लावून घासला. फोटो मोठा करून गालासमोरच्या मोकळ्या जागेत बघ, एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसतील. संग्राहक त्यांना हेअरलाइन म्हणतात. अक्षरांच्या कोपऱ्यांत काळा मळ तसाच आहे, कारण फडकं तिथवर पोचत नाही. हा रुपया ‘युएनसी’ नाही. तो ‘फाइन’ दर्जाचा, आणि वर घासलेला.

आबांचा रुपया करडा, मंद आहे, पण त्याचा हत्ती ओळखू येतो आणि दाढीचे केस निम्मेअधिक शिल्लक आहेत. त्याला मी निःशंकपणे ‘व्हेरी फाइन’ म्हणेन. झिजलेलं नाणं आणि घासलेलं नाणं यांत मी कायम झिजलेल्याच्या बाजूने उभा राहीन. झीज हा नाण्याने केलेल्या कामाचा पुरावा आहे. घासण्याने तो पुरावा खरवडून निघतो आणि वर नवेपणाचा खोटा दावा उभा राहतो. पहिल्या गोष्टीने फक्त भाव कमी होतो. दुसऱ्या गोष्टीने नाणं कायमचं बिघडतं, आणि जगातला कुठलाही कारागीर ते परत आणून देऊ शकत नाही.

१९१८ चाच रुपया शिकायला उत्तम, याला एक कारण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात चांदीची एवढी टंचाई झाली की अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटिशांना इकडे रुपये पाडायला विकली. त्या काळात रुपये अतोनात पाडले गेले आणि आजही ते मुबलक मिळतात. मुबलक मिळणाऱ्या नाण्याच्या बाबतीत तू खुशाल चोखंदळ राहू शकतेस. पाच रुपये शेजारी शेजारी ठेवून बघ. कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर शिकशील. दुर्मीळ नाणं समोर आलं की हावरेपणाने डोळे मिटतात, म्हणून शिकायचं ते नेहमीच्या नाण्यांवर.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. तपशील नाही म्हणजे झीजच, असं दरवेळी धरू नकोस. डाय जुना झाला असेल किंवा दाब कमी पडला असेल तर नाणं टांकसाळीतूनच अर्धवट उठावाचं बाहेर पडतं. फरक पृष्ठभागावरून कळतो: दाब कमी पडलेल्या जागी तपशील नसला तरी झळाळी असते, झिजलेल्या जागी दोन्ही नसतं. १९४७ चा वाघाचा रुपया मिळाला तर मुद्दाम बघ. तो निकेलचा आहे, निकेल कडक धातू, सगळीकडे सारखा उठत नाही. (आणि तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटला, तर विक्रेत्याला नमस्कार करून निघायचं.)

आता आकड्यांबद्दल. ‘एमएस ६३’, ‘एयू ५५’ हे तू वाचलंस ते मूळचं अमेरिकेतलं. विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. कल्पना अशी की अगदी झिजून गेलेला सेंट एक डॉलरला जात असेल तर सर्वोत्तम सेंट सत्तर डॉलरला जावा. भावांचं ते गणित फार काळ टिकलं नाही, आकडे मात्र राहिले. पुढे १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या निघाल्या. नाणं तपासायचं, आकडा द्यायचा, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करायचं. त्या डबीला स्लॅब म्हणतात. आपल्याकडचेही लोक आता नाणी तिकडे पाठवतात.

माझं मत विचारशील तर, तुझ्यासारखीने स्लॅबच्या नादी लागू नये. १९३९ च्या रुपयासारखं नाणं, जे खरोखर दुर्मीळ आहे आणि ज्याच्या तारखेत फेरफार करून लोक फसवतात, ते घेताना तज्ज्ञाचा शिक्का असलेला बरा. एरवी साठच्या पुढच्या आकड्यांत जी भावाची उडी असते, ती भिंगाखाली जेमतेम दिसणाऱ्या फरकासाठी असते. तेवढ्या पैशांत ‘व्हेरी फाइन’ किंवा ‘एक्स्ट्रा फाइन’ दर्जाची देखणी नाणी राणीछाप रुपयापासून सहाव्या जॉर्जपर्यंत एकेक करून येतील, आणि ती तुला हातात धरता येतील. फक्त त्याहून खाली उतरू नकोस. स्वस्त मिळतं म्हणून तारीखही न दिसणारी नाणी घेत गेलीस तर वर्षभराने डबा जड होईल आणि तुला तो उघडावासा वाटणार नाही.

आणि ही मोजपट्टी घेऊन शिवराईकडे तर जाऊच नकोस. यंत्रावर पाडलेलं प्रत्येक नाणं जवळजवळ एकसारखं निघतं, तेव्हा त्यातून किती गेलं हे मोजता येतं. शिवराई घणाखाली पाडलेली. तांब्याचा तुकडा ठशांपेक्षा लहान, त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ हे सगळं एकाच नाण्यावर पूर्ण उमटलेलं क्वचित सापडतं. कुठे ‘श्री’ बाहेर गेलेली, कुठे ‘पति’ अर्धवट, कुठे भोवतीच्या टिंबांची फक्त एक कोर आलेली. त्याला झीज म्हणणं अन्याय आहे, कारण ते अक्षर त्या तुकड्यावर कधी आलंच नव्हतं. शिवराईकडे बघताना मी आधी बघतो की मजकूर किती आला आणि तो मध्यभागी बसलाय का. मग घाव किती खोल बसला. झीज त्यानंतर. आणि सर्वांत शेवटी तांब्याची कातडी: ती सलग आहे की मातीने खाऊन खड्डे पाडले आहेत. महाराजांच्या राज्याभिषेकापासून पेशवाईअखेरपर्यंत आणि त्याही पुढे शिवराई चालत राहिली, अक्षरवळणं असंख्य झाली, उत्तरकाळातली दुदांडी शिवराई तर सहज ओळखू येते. अक्षराचं वळण चांगलं उमटलेली एक शिवराई मला गुळगुळीत दहा शिवरायांपेक्षा मोलाची वाटते. जमलं तर इकडे ये, अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय आपण दोघं मिळून बघू. चांगल्या नाण्यांवर डोळा तयार झाला की वाईट नाणं आपोआप खटकतं.

तांब्याबद्दल एक कळकळीचं सांगणं. आपल्या घरांत तांब्याचं भांडं दिसलं की हात चिंचेकडे जातो. हंडा चिंचेने लखलखीत होतो हे खरं, पण शिवराईवरचा गडद तपकिरी किंवा काळपट हिरवा थर शे-दोनशे वर्षांनी घडवलेला असतो. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावलंस तर पाच मिनिटांत तो जातो आणि खालून गुलाबी, उघडं पडलेलं तांबं निघतं. तो रंग एकदा पाहिलास की कुठल्याही टेबलावर ओळखशील. अपवाद एकच: पिठासारखा भुसभुशीत, फिकट हिरवा थर, जो नखाने पडतो आणि पुन्हा येतो. तो आजार आहे. ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेव आणि जाणकाराला दाखव.

चांदीच्या रुपयांचा दुसरा घात दागिन्यांनी केला. माळेत ओवायला वर कडी जोडायची, पुढे अडचण आली की ती काढून सोनाराकडे डाग बुजवून घ्यायचा. म्हणून प्रत्येक रुपयाची कड गोल फिरवून बघायची सवय लाव. वरच्या बाजूला, मुकुटाच्या डोक्यावर, खाचा बुजलेल्या दिसल्या किंवा रंग जरा निराळा वाटला, तर तिथे कधीतरी कडी होती. नंतर वजन: ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजेने थोडं कमी भरेल, जास्त भरता कामा नये. रुपया फरशीवर आपटून आवाज ऐकायची जुनी पद्धत मात्र करू नकोस, कडेला टवका उडतो.

राम-सीता, हनुमान किंवा कमळ असलेले, ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून १८१८ किंवा १७१७ सालचे ‘आणे’ कुणी दाखवले तर त्यांची ग्रेड काढत बसू नकोस. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तांदूळ ओढून घेणारं नाणं म्हणून लाखोंच्या गोष्टी सांगणारे लोक याच मालावर जगतात. आणि शेतात हंडा सापडला म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नकोस; जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तो कायदा १८७८ पासून आहे.

डब्यातल्या त्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या आजच फेकून दे. त्या पीव्हीसीच्या आहेत, वर्षांनंतर चिकट हिरवट ओल सोडतात. पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, ते आण.

आबांच्या डब्यात तीन-चार रुपये पार गुळगुळीत आणि पांढरेशुभ्र दिसतील. ते लक्ष्मीपूजनाचे. आई दरवर्षी ते दुधाने धुवायची, रांगोळीने घासायची, हळदकुंकू लावायची. संग्राहकाच्या हिशेबात त्यांना काही ग्रेड नाही, आणि तू ते बदलून चांगले आणू म्हणशील. तसं करू नकोस. ते वेगळ्या पुडीत ठेव आणि या दिवाळीलाही तेच पूजेला काढ, म्हणजे १९१८ च्या रुपयाला कुणी हात लावणार नाही.

विक्रेत्याला सरळ कळव की नाणं घासलेलं आहे, म्हणून नको. कारण सांगायला लाजू नकोस. प्रामाणिक माणूस असेल तर पुढच्या वेळी तुला बरं नाणं दाखवेल. डब्यात तळाशी दोन शिवराया असायला हव्यात. त्यांचे फोटो पाठव, दिवा एका बाजूने ठेवून, दोन्ही बाजूंचे, आणि वजनही लिही.

ताईला आणि भाऊजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा